कुसामावशीची डबी

सातपूरच्या त्या कॉलनीत राखी पळायला लागली, तेव्हा सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, डॉक्टरने साखर सांगितली असेल. चाळिशीला टेकलेली बाई, शाळेच्या ऑफिसात कारकून, घरी नवरा आणि आजारी सासू. अशी बाई पहाटे बूट घालून निघाली, तर ती साखरेसाठी नाहीतर वजनासाठी, यापलीकडे आपल्या लोकांची अक्कल धावत नाही. कोपऱ्यावरचा दूधवाला रोज विचारायचा, "ताई, कुत्रं मागं लागलं का?" राखी हसायची आणि पुढे जायची. आपण डोंगरातून पन्नास किलोमीटर पळायची तयारी करतोय, हे तिने नवऱ्यालाही बऱ्याच उशिरा सांगितलं. धम्मपाल म्हणाला, "येडी का खुळी तू?" आणि पुढच्या रविवारी गुपचूप तिच्यासाठी खजुराचं पाकीट घेऊन आला.

पण ती का पळते, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ते कळायचं तर आधी तिच्या सासूच्या, विठाबाईच्या, मिशरीपाशी जावं लागतं.

मिशरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. उठल्या उठल्या बोटावर घ्यायची, दात-हिरड्यांवर घासायची, थोडा वेळ तोंडात धरायची, मग चूळ. ती लावल्याशिवाय विठाबाईचा दिवस उगवत नसे. राखी लग्न होऊन आली तेव्हा तिला मिशरीचा वासही सोसत नव्हता, पण सासूने पहिल्याच आठवड्यात तवा हातात दिला. पानं मंद आचेवर परतायची, जळू द्यायची नाहीत, काळीभोर झाली की उतरवायची, कुटून फडक्यातून गाळून घ्यायची. घरभर ठसका उठायचा, शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. हळूहळू राखीचा हात असा बसला की विठाबाई आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या राखीच्या हातची लावून बघा, बाजारातली इसराल." सासूच्या तोंडून सुनेचं कौतुक काही सहज बाहेर पडत नाही. राखीच्या वाट्याला ते मिशरीमुळे आलं होतं आणि तिला त्याचा अभिमान होता.

विठाबाईची धाकटी बहीण कुसाबाई हरसूलच्या अलीकडे करंजपाड्याला दिलेली. तिलाही मिशरी इथूनच जायची. तिचा मुलगा बहिरू पिकअपमधून टोमॅटो घेऊन नाशिकच्या मार्केटला यायचा, तेव्हा आईची रिकामी डबी घेऊन यायचा. जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, चपटी डबी, झाकणाला पोचा पडलेली. जाताना राखी ती दाबून भरून द्यायची.

मग विठाबाईच्या गालात आतून जखम झाली. मिशरीने तोंड बधिर होतं, दुखणं जाणवत नाही, म्हणून विठाबाई जास्त वेळा मिशरी लावू लागली. राखी जास्त वेळा तवा ठेवू लागली. सासूच्या दुखण्यावर आपण औषध करतोय, असंच तिला वाटत होतं. घास जाईनासा झाला तेव्हा कुठे दवाखाना गाठला, आणि त्या दवाखान्याने मोठ्या दवाखान्याची वाट दाखवली. कॅन्सर. खालचा अर्धा जबडा काढला, मांडीचं मांस गालाला लावलं, पुढे कितीतरी दिवस रेडिएशनचे शेक दिले. विठाबाई वाचली. पण चेहरा एका बाजूने आत बसला, बोलणं बोबडं झालं, पाणी प्यायली की ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. तिने तोंडावर पदर घेतला तो घेतलाच.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली असेल, तर मुलाला आणि सुनेला समोर बसवलं. "दाढ काढली म्हणून सांगायचं," ती म्हणाली. "दाढ काढताना बिघडलं. बास."

"का पण, आत्या?" राखीने विचारलं. त्यांच्या घरात सासूला आत्याच म्हणायची पद्धत.

विठाबाईने तोंडावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "ल्हानपणी आमच्या गावच्या हाटेलात आमच्यासाठी येगळा कप टांगलेला असायचा, वळचणीला. माझा बाप त्यात च्या प्यायचा आन् सोताच धुऊन ठिवायचा. मी बघितलंय ते. आता ह्या रोगाचं नाव घेतलं तर माझ्याच लोकांच्या घरात माझा कप येगळा व्हईल. कुसीच्या घरात व्हईल. ते मला बघायचं नाय."

हा रोग एकमेकांच्या उष्ट्याने होत नाही, हे राखीला माहीत होतं. ते तिने सांगितलंही. पण ज्या बाईने वळचणीचा कप पाहिलाय, तिला डॉक्टरचं म्हणणं सांगून काय उपयोग? दोघांनी मान हलवली आणि घरातून त्या शब्दाला रजा मिळाली. कुसाबाई भेटायला येते म्हणाली, तर विठाबाईने "बरी व्हऊ दे, मीच येते" असा निरोप धाडला. फोनवर बोबडं ऐकून कुसाबाई रडली आणि दाताच्या डॉक्टरला शिव्या घातल्या.

थोड्या दिवसांनी बहिरू आला. विठाबाई भिंतीकडे तोंड करून निजली होती. बहिरूने जर्मनची डबी ओट्यावर ठेवली.

राखी त्या डबीकडे बघत उभी राहिली. नाही म्हणावं, तर का म्हणून विचारेल. ज्या घरात वर्षानुवर्षं मिशरी भाजली जाते, ते घर एका दाढेपायी मिशरी कशाला बंद करेल? तिने मागे वळून पाहिलं. विठाबाईने पदराआडून डोळे उघडले होते आणि ती नुसती बघत होती. राखीने तवा ठेवला. मिशरी काय करते हे सगळं ठाऊक असताना, दवाखान्याच्या भिंतीवरची चित्रं पाहून आलेली असताना, तिने पानं भाजली, कुटली, गाळली आणि डबी भरून दिली.

पुढच्या खेपेला बहिरू लवकरच आला. "आईची लय भराभर सरत आली," तो म्हणाला. "तोंड येतंय तिला सारखं. गालात पांढरं झालंय. तिखट तर जिभेवर ठिवता येत नाय. मिशरी लावली की बरं वाटतं म्हणती."

अगदी हेच, याच शब्दांत, राखीने सासूच्या तोंडून ऐकलं होतं. "तिला नाशिकला आण, डॉक्टरला दाखव," ती घाईने म्हणाली. बहिरू हसला. "दातवाल्याकडं? मावशीचं काय झालं ते ऐकून ती येती व्हय? मेले तरी दाढंला हात लावू द्यायची नाय म्हणती."

त्या दिवशी राखीने पानं संपलीत असं सांगितलं. बहिरूने मार्केटमधून पुडी विकत घेतली आणि तो गेला.

दवाखान्याच्या फेऱ्यांत राखीची तृप्तीशी ओळख झाली होती. तृप्ती 'पाठराखण' नावाच्या संस्थेत काम करायची. ही संस्था डोंगरातल्या गावांतून कॅन्सरचे पेशंट शहरात आणायची, परत पोचवायची. संस्थेसाठी दर हिवाळ्यात एक शर्यत व्हायची: त्र्यंबकेश्वरहून निघायचं, डोंगरवाटांनी हरसूल गाठायचं. प्रत्येक पळणाऱ्यामागे देणगीदार असायचे, आणि जो ठरल्या वेळेत शेवटपर्यंत पोचेल त्याने एका गावाचं नाव सांगायचं. त्या गावात संस्थेची गाडी डॉक्टर घेऊन जायची आणि घरोघरी सगळ्यांचं तोंड तपासलं जायचं.

घरोघरी म्हणजे कुसामावशीचंही. कुणी काही फोडायला नको, कुणाचं नाव घ्यायला नको, डॉक्टर सगळ्यांचंच बघतायत म्हटल्यावर मावशीही तोंड उघडेल. राखीने नाव नोंदवलं. एक शब्द बोलायचा टळावा म्हणून ही बाई पन्नास किलोमीटर पळणार होती. हसू नका. जीभ हलवण्यापेक्षा डोंगर चढणं सोपं वाटावं, अशी वेळ पुष्कळांवर येते.

सोपं मात्र नव्हतं. पहिल्या दिवशी त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढताना तिला मध्येच बसावं लागलं, आणि फुलं घेऊन दर्शनाला निघालेल्या दोन म्हाताऱ्या तिला मागे टाकून पुढे गेल्या. वर पोचून ती बुद्धांपुढे बसली तेव्हा वंदना म्हणायलाही दम उरला नव्हता. तृप्तीने तिला हळूहळू शिकवलं. चढावर पळायचं नाही, गुडघ्यावर हात रोवून चालायचं. उतारावर पावलं बारीक टाकायची. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. बूट एक नंबर मोठे घ्यायचे, कारण पाय सुजतात. बुटांचं राखीने ऐकलं नाही, मोठे बूट पायात बावळट दिसतात म्हणून. अंजनेरीच्या उतारावर त्याची शिक्षा तिच्या अंगठ्यांना मिळाली.

ती घरी यायची तेव्हा विठाबाई दारात ऊन खात बसलेली असायची. मिशरी सुटली होती, सवय सुटली नव्हती. ती नुसतंच बोट तोंडात घालायची, उरलेल्या हिरड्यांवरून फिरवायची आणि बाहेर काढून बघायची. बोट स्वच्छ असायचं. ते बघून राखीला रडू यायचं. "आलीस हुंदडून?" विठाबाई विचारायची. पळणं हा शब्द तिने कधी वापरला नाही. तिच्या हिशेबी पळतात ती पोरं नाहीतर चोर.

शर्यतीच्या आधीच्या महिन्यात एका रविवारी राखी लांबचा पल्ला करून आली. दारातच बसून तिने बूट काढले, तर मोजे रक्ताने चिकटले होते. अंगठ्याचं नख काळंनिळं होऊन सुटत आलं होतं. विठाबाई उठली. आत गेली, कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आली आणि काही न बोलता सुनेचे पाय त्यात घेतले.

"आत्या, अहो काय करताय, मी धुते."

"गप बस." ती बोटांच्या बेचक्यांतून हळू हात फिरवत राहिली. "कुणासाठी मरतीस एवढी? माझं तर झालं आता. माझ्यासाठी हुंदडून काय माझा जबडा परत येनार हाय?"

"तुमच्यासाठी नाही पळत."

"मग?"

आणि राखीच्याने राहवलं नाही. "कुसामावशीच्या गालात पांढरं झालंय, आत्या. तोंड येतंय. मिशरी लावली की बरं वाटतं म्हणते." तिचा आवाज फाटला. "तुमचं सगळं बघून आल्यावर, मी तिची डबी भरून दिली. माझ्या हाताने. तुम्हीपण बघत होता."

विठाबाईचा हात पाण्यात थांबला. राखीला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, ओरडेल, रडेल. विठाबाईने घमेलं उचललं, पाणी मोरीत ओतलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. पुढे कितीतरी दिवस दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं होतं. राखीला वाटलं, आपण म्हातारीला उगाच दुखावलं. तिने मोठे बूट आणले आणि पळत राहिली.

शर्यतीच्या पहाटे त्र्यंबकला थंडी मी म्हणत होती. पळणाऱ्यांच्या पाठीवर कापडाचा एक तुकडा लावलेला होता. ज्याच्यासाठी पळायचं त्याचं नाव त्यावर लिहायचं. कुणी आईचं लिहिलं होतं, कुणी मित्राचं. राखीचा तुकडा कोरा होता. दोघींपैकी कुणाचंही नाव लिहायची तिला मुभा नव्हती.

पहिले डोंगर बरे गेले. दुपार चढली तशी हवा कोरडी झाली, खजूर तोंडात फिरत राहिला पण गिळवेना. बरोबरचे एकेक पुढे निघून गेले. एका नाल्यात ती उलटी करून बसली. परत फिरावं असं मनात आलंच, येणारच. फिरली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण परत फिरलं तर करंजपाड्याचं नाव कोण घेणार? ती उठली आणि चालायला लागली. चालता चालता थोडं पळायची, पुन्हा चालायची.

करंजपाडा हा शेवटचा थांबा. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता, आत लिंबू-मिठाचं पाणी, गूळ-शेंगदाणे आणि पळणाऱ्यांना तपासायला डॉक्टर अश्विन. राखी पोचली तेव्हा तृप्तीने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "वेळ थोडाच आहे, ताई. पाणी पी आणि निघ."

राखीचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. मांडवाच्या कडेला खुर्चीवर विठाबाई बसली होती. मागे धम्मपाल मोटारसायकलची किल्ली हातात घेऊन उभा. समोर कुसाबाई, आणि वाडीतल्या बायका कोंडाळं करून. विठाबाईच्या तोंडावर पदर नव्हता.

"सकाळीच उठून बसली," धम्मपाल पुटपुटला. "कुसीकडं ने म्हणाली."

कुसाबाईने ऑपरेशननंतर बहिणीचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला होता. ती पदराने डोळे पुसत म्हणत होती, "काय गं आक्का, काय करून ठिवलं त्या दाढवाल्यानं! हात झडो त्याचा!"

"कुसे," विठाबाई म्हणाली. शब्द बोबडे होते, पण ती एकेक सुटा करून बोलत होती. "दाढ नव्हती ती. कॅन्सर हाय मला. मिशरीनं झाला."

कोंडाळं थोडं मागे सरकलं. फार नाही, अर्धं पाऊल. पण विठाबाईला ते दिसलं, आणि राखीलाही. विठाबाईच्या हातात चहाचा स्टीलचा कप होता, मघाशी कुसाबाईनेच घरून आणून दिलेला. तिने एक घोट घेतला, तो ओठातून गळाला, कपाच्या कडेवरून ओघळला. तिने कप पदराने पुसला आणि खुर्चीच्या मागे, सगळ्यांपासून लांब जमिनीवर ठेवला. बापासारखाच, स्वतःच्या हाताने.

कुसाबाई काही वेळ त्या कपाकडे बघत राहिली. मग ती खुर्चीला वळसा घालून गेली, वाकली, कप उचलला आणि उरलेला चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला.

"गार झाला," ती म्हणाली. "दुसरा टाकते."

विठाबाई तेव्हा रडली. एवढ्या आजारपणात, एवढ्या शेकांत ती रडली नव्हती. कुसाबाईने तिचं डोकं पोटाशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून पुढे बघत डॉक्टरला विचारलं, "सायेब, माझं बी बघता का?"

डॉक्टर अश्विनने तिला खुर्चीवर बसवलं, बॅटरी लावून दोन्ही गाल आतून पाहिले, सावकाश. "तुकडा काढून तपासायला लागेल," तो शेवटी म्हणाला. "आत्ता खात्रीने काही सांगत नाही. पण वेळेवर आलात, मावशी. उद्याच नाशिकला या." पाठोपाठ एक तरणी बाई, मग तिची जाऊ, खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, निघ," तृप्ती म्हणाली.

कुसाबाईने राखीला थांबवलं. कमरेच्या पिशवीतून तिने जर्मनची डबी काढली. "बाजारची लय कडू लागती गं," ती म्हणाली. "तू दिलेली मी पुरवून पुरवून लावत व्हते. अजून चिमूटभर हाय." तिने डबी राखीच्या हातात ठेवली आणि तिची बोटं वरून मिटली. "आता ही भरू नको."

विठाबाईने डोळे पुसले आणि सुनेकडे पाहिलं. "उभी काय ऱ्हायलीस?" ती म्हणाली. "पळ आता."

शेवटचा चढ राखीने कसा काढला, ते तिला नीट आठवत नाही. डबी पाठीवरच्या पिशवीत होती आणि दर पावलाला पाण्याच्या बाटलीवर वाजत होती. सांजेच्या वेळी ती हरसूलला पोचली. वेळ संपायला आली होती, तिच्या मागे कुणी नव्हतं, आणि टाळ्या वाजवायला मोजकीच माणसं थांबली होती. संस्थेच्या माणसाने गावाचं नाव विचारलं. "करंजपाडा," तिने सांगितलं.

पाणी काढायला तिने पिशवी उघडली तशी डबी बाहेर पडली. त्या माणसाने ती उचलली, झाकण हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "ताई, ही मिशरी? तुम्ही लावता?"

"नाही," राखी म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "मी भाजलेली आहे."